लेकीच्या हातचा अंडा राइस

माझ्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून मला बसवलं होतं आणि आत पाऊल टाकायची बंदी होती. बंदी घालणारी माझी लेक. वय वर्षं एक्केचाळीस, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचं काम करते. त्या कामामुळे म्हणा किंवा उपजतच म्हणा, केसाच्या जाडीएवढा फरकही तिला खपत नाही. मी तिला मोजपट्टी म्हणतो. ती मला बाबा म्हणते, आणि ज्या सुरात म्हणते त्यावरून मला कळतं की आज आपली धडगत आहे की नाही.

एकतीस वर्षं मी हॉटेलच्या भटारखान्यात कढईसमोर काढली, त्यातली शेवटची चौदा मुख्य आचारी म्हणून. मोठ्या जाळावरचं जे काही असेल ते माझ्याकडे. एका संध्याकाळी दोनशे प्लेटी अंडा राइस काढलेला माणूस मी. आणि त्या रविवारी मला सांगण्यात आलं होतं की हात मांडीवर ठेवायचे, तोंड बंद ठेवायचं आणि फक्त खायचं.

अट तिने फोनवरच घातली होती. "भात मी घरून शिजवून आणीन. पॅनही माझा आणीन. तुमच्यासमोर करणार, आणि तुम्ही तो पूर्ण खायचा. बस, एवढंच." मी हो म्हटलं. एरवी मी कशाला हो म्हटलं असतं? पण ह्या एका प्लेटीमागे तीस वर्षं होती, आणि ती मला तिच्या आईने सांगितली होती.

माझी बायको जाऊन दीड वर्ष झालं. शेवटचे चार महिने ती इस्पितळात होती. एका दुपारी मी तिला मोसंबं सोलून देत होतो, तेव्हा तिने विचारलं, आपली लेक तुमच्यासमोर कधी गॅस पेटवत नाही, का ते विचारलंत कधी? मी म्हटलं, आळशी आहे म्हणून. नातेवाइकांत माझा हा ठरलेला विनोद होता, आचाऱ्याची लेक आणि चुलीला पाहुणी. लोक हसायचे, लेकही हसायची. बायको ह्या विनोदाला कधी हसली नव्हती, हे त्या दुपारी माझ्या ध्यानात आलं.

मग तिने सांगितलं. लेक अकरा वर्षांची होती. मंगळवार माझ्या सुट्टीचा. बाबा रोज दुसऱ्यांना करून घालतात, आज मी बाबांना घालते, असं म्हणून पोरीने आईला बाहेर बसवलं आणि एकटीने अंडा राइस केला. मी जेवायला बसलो, एक घास खाल्ला, उठलो, सगळ्यांच्या ताटल्यांतला राइस परत कढईत ओतला आणि जाळ मोठा करून पहिल्यापासून परतला. वाढताना म्हणालो, आता खा, ह्याला म्हणतात राइस. पोरीने दोनदा मागून घेतला. छान झालाय म्हणाली. नंतर भांडी पुसताना तिने आईला विचारलं होतं, "माझा इतका वाईट होता का गं, की बाबांना गिळवला पण नाही?"

मी पुष्कळ डोकं खाजवलं. मला तो मंगळवार आठवतच नव्हता. माझ्या लेखी एक राइस बिघडला होता, मी तो नीट केला होता आणि विषय संपला होता. त्यानंतर तीस वर्षांत पोरीने ह्या घरात साधा चहासुद्धा केला नाही, आणि मी मूर्खासारखा त्यावर विनोद करत फिरलो. बायको म्हणाली, "अहो, एकदा बोला तिच्याशी." मी म्हटलं, बोलतो. बायको गेली, दिवस झाले, वर्ष उलटलं, मी बोललो नाही. भटारखान्यात कोणी कोणाची माफी मागत नाही, पुढची प्लेट नीट काढतो. मला तेवढंच येत होतं.

त्यामुळे लेकीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. माफी मागायची नाही, खुर्चीवर बसायचं आणि खायचं. ह्याहून सोपं प्रायश्चित्त कोणाला मिळालं असेल?

रविवारी ती साडेअकराला आली. दोन पिशव्या होत्या. एकीतून पॅन निघाला, काळा, गुळगुळीत, ज्याला काही चिकटत नाही असा. दुसरीतून भाताचा डबा, सहा अंडी, कांद्याची पात, सॉसची बाटली आणि चक्क एक छोटा वजनकाटा. आजकाल मीठसुद्धा तोलतेस का, असं विचारायला माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं.

तिने डब्याचं झाकण काढलं आणि झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळले. भात आदल्या दिवशीचा होता, तेवढं तिला माहीत होतं, पण तो गरम असतानाच डब्यात भरला होता. राइसचा भात ताटात पसरून वारा लागू द्यायचा, गार झाला की मग झाकायचा. शीत शिताला ओळखता कामा नये. इथे तर सगळा भात एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसला होता. मी हात मांडीखाली घेतले. अक्षरशः, दोन्ही तळहातांवर बसलो.

पुढचं सगळं मी ऐकूनच पाहिलं म्हणायला हरकत नाही. आचाऱ्याला डोळ्यांपेक्षा कान जास्त सांगतात. तेल पुरतं तापलं नव्हतं, अंडी पडली तेव्हा चर्र आवाज यायच्या ऐवजी नुसतं फसकन झालं. अंडं अर्धवट धरलं की लगेच भात घालायचा असतो, ती घड्याळ बघत थांबली. भात पडला आणि परतल्याचा आवाज बंदच झाला, पाणी उकळल्यासारखी गुरगुर सुरू झाली. सॉस तिने भातावर मधोमध ओतला. तो कडेने गरम पॅनवर सोडायचा, तिथे जळायचा, मग भातात जायचा. मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत कोणीतरी पडदे वाळत घातले होते, मी त्यांच्या कड्या मोजल्या.

मधे एकदा तिने वळून बघितलं. "काही बोलायचंय का?"

"नाही," मी म्हणालो.

ती हसली. कपाळावर घाम होता, एका बाजूचे केस चिकटले होते, आणि तिची आई गॅससमोर दिसायची तशीच ती दिसत होती. मी सुखावलो. खरंच सांगतो, त्या घटकेला मला सॉस कुठे पडला ह्याची फिकीर नव्हती. जसा असेल तसा खाईन, पॅन पुसून खाईन, असं मी मनात म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दुकानातून होता. कोणा गिऱ्हाइकाची उजवी-डावी भिंगं उलटी बसली होती आणि तिथे बोंब चालली होती. आमच्या घरात फोन वाजतो, पण रेंज धड नाही, बोलायला जिन्यात जावं लागतं. तिने गॅस बंद केला, पॅनवर झाकण ठेवलं आणि जाता जाता बोट नाचवत म्हणाली, "हात लावायचा नाही हं."

मी बसून राहिलो. झाकणाच्या कडेने वाफ येत होती. झाकण ठेवलं म्हणजे आणखी पाणी सुटणार, हा विचार आधी आला. मग वाटलं, बघायला काय हरकत आहे, बघणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. मी उठलो. शितावरून भाताची परीक्षा हा माझा जन्माचा धंदा. दोन शितं उचलून जिभेवर ठेवली. मीठ कमी, पाणी जास्त, मधे गोळे.

इथे मला आमच्या भटारखान्याची एक रीत सांगायला हवी. नवा आचारी प्लेट काढायचा, ती बाहेर जायच्या खिडकीशी यायची आणि तिथे मी उभा असायचो. बिघडली असेल तर मी ती परत कढईत टाकून अर्ध्या मिनिटात सुधारायचो आणि त्याच्याच नावावर बाहेर पाठवायचो. गिऱ्हाइकाने वाहवा केली तर वाहवा त्याची. त्याला कळूही द्यायचं नाही. माझ्या उस्तादांनी माझ्यासाठी हे केलं होतं, मी माझ्या हाताखालच्या बारा-पंधरा जणांसाठी केलं. आमच्यात ह्यालाच माया म्हणतात. अकरा वर्षांच्या पोरीचा राइस मी सगळ्यांसमोर ओतून घेतला ही माझी चूक, गुपचूप सुधारायला हवा होता, असंच मला त्या क्षणी वाटलं. तीस वर्षांनी शहाणपण सुचलं तेही असलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय उगाच?

मी गॅस मोठा केला. भात पॅनभर पसरला आणि हलवला नाही, तळाशी पाणी आटून तडतड ऐकू येईपर्यंत थांबलो. उलथन्याच्या पाठीने गोळे फोडले. कडेने अर्धा चमचा तेल, थोडा सॉस, चिमूटभर मीठ, वरून मिरपूड. पातीचा हिरवा भाग तिने चिरून ठेवला होता आणि घालायचा विसरली होती. फोनच्या गडबडीत आपण घातला की नाही हे तिला आठवणार नाही, असं धरून तो शेवटी घातला. जिन्यातून तिचा आवाज येत होता, ती गिऱ्हाइकाला शांत करत होती. मी गॅस बंद केला, उडालेली शितं ओट्यावरून टिपली, उलथनं जसं तिरकं ठेवलेलं होतं तसंच ठेवलं, झाकण घातलं. खुर्चीवर येऊन बसलो तेव्हा माझा श्वास फुलला होता. चोरी केलेल्या माणसाचं होतं तसं झालं होतं, पण मी मात्र खुशीत होतो.

ती आली, झाकण उचललं, वाढलं. आम्ही समोरासमोर बसलो. पहिला चमचा तिने घेतला आणि चावता चावता थांबली. मला वाटलं, पकडली चोरी. तिने दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. मग चमचा खाली ठेवला.

"बाबा, हा जमलाय."

"जमलाय," मी म्हणालो.

"नाही, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."

"उत्तम जमलाय," मी म्हणालो. राइसबद्दल बोलायचं तर त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओढणीने पुसत ती हसायला लागली आणि मग बोलायला लागली. त्या मंगळवारचं तिने स्वतः सांगितलं. म्हणाली, मी भिंगं बसवायला लागले तेव्हाही मला वाटायचं की मागे तुम्ही उभे आहात आणि आत्ता माझ्या हातातून काढून घ्याल. आई गेली आणि वाटलं, हे एवढं राहून जाईल. बाबा, आज माझ्या डोक्यावरून ओझं उतरलं. मी मान खाली घालून खात होतो. पूर्ण प्लेट खाल्ली, परत घेतला. तिला वाटलं मला भरून आलंय, आणि आलंही होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलेलं मी घासाबरोबर गिळलं.

उरलेला राइस ती डब्यात भरून नातीसाठी घेऊन गेली. संध्याकाळी नातीचा फोन आला, आजोबा, आईने अगदी तुमच्यासारखा केला. नात दहा वर्षांची आहे. मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगला.

पुढच्या रविवारी लेकीने घरी केला. जमला नाही. फोनवर हसत होती, म्हणाली, काहीतरी राहिलं माझं. तिने वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, भात किती ग्रॅम, अंडी किती सेकंद. ते सगळं तिने मला वाचून दाखवलं आणि विचारलं, ह्यात काय चुकतंय? मी म्हटलं, तुमच्याकडचा गॅस मंद असेल. तिने माणूस बोलावून शेगडी साफ करून घेतली.

त्याच्या पुढच्या रविवारी परत तेच. मी म्हटलं, तांदूळ वेगळा असेल. तिने तांदूळ बदलला. भात पसरून गार करायचं मी तिला सांगितलं, आणखीही एक-दोन गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, पण त्या दिवशी तर मी ह्यातलं काहीच केलं नव्हतं, तरी जमला होता ना? माझं प्रत्येक खरं वाक्य त्या एका खोट्यावर जाऊन आपटत होतं. मी म्हटलं, कधी कधी होतं असं.

तिसऱ्या वेळेस राइस खरं तर चांगला झाला असावा. जावई मागून ओरडून सांगत होते, उत्तम झालाय म्हणून. पण तिला तो त्या दिवशीसारखा लागत नव्हता. ती माझ्या हाताशी बरोबरी करत बसली होती आणि तिला ते माहीतच नव्हतं.

चौथ्या रविवारी फोन उशिरा आला. दिवेलागण झाली होती. तिचा आवाज थकलेला होता.

"बाबा, मी आता सोडून देते. माझ्या हाताला ते नाहीच. त्या दिवशी आई येऊन बसली असेल शेजारी, तिनेच जमवला."

मी जिन्यात उभा होतो. एका हाताने कठडा धरला. बायको हयात असती तर तिने मला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कबूल करायला लावलं असतं, आणि आता माझं पाप तिच्या नावावर पुण्य म्हणून जमा होत होतं. ते मला सोसलं नाही. मी सांगून टाकलं. तू फोनवर असताना मी उठलो, गॅस लावला, परतला. तेल, सॉस, मीठ. ओटा पुसला. सगळं सांगितलं, आमच्या खिडकीशी चालणारी रीतही सांगितली. ती मायाच असते, असं म्हणालो. बोलता बोलता माझं मलाच ते वाक्य खरकट्यासारखं वाटायला लागलं.

तिच्याकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"किती वेळ होता गॅसवर?" तिने विचारलं. मोजपट्टीच ती.

"तीन मिनिटं. कमीच."

"म्हणजे तो तुमचा होता."

"हो."

"मी रडले तुमच्यासमोर."

"हो."

मला वाटलं ती आता फोन ठेवेल. ठेवला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, चुकलो पोरी. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, आणि ते तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होती.

"मग माझा कसा होता?"

मी सांगायला लागलो. मीठ कमी होतं, भातात पाणी होतं, कारण तू गरम असताना डब्यात भरलास, अंड्याला तेल पुरतं तापलं नव्हतं. तिने मला मधेच थांबवलं. आवाज चढवला नाही.

"काय चुकलं ते नाही विचारत, बाबा. कसा होता? खायला कसा लागला?"

मी आठवून बघितलं. दोन शितं जिभेवर ठेवली होती, ती आठवली. त्याआधीचा, तीस वर्षांपूर्वीचा एक घास होता म्हणे, तो तर आठवतही नव्हता. दोन वेळा तिने माझ्यासाठी रांधलं, आणि दोन्ही वेळा पोटभर जेवलो ते माझ्याच हातचं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तो खाल्लाच नाही."